रेडिएटरच्या वाटेवर लावलेली काच

नारायणभाऊ सोमवारी गेले. सकाळी साडेनऊला त्यांच्या मुलाचा निरोप आला. मी अमरावतीहून चांदूर बाजारची गाडी धरली. एक वाजता अंत्यविधी झाला. पाचच्या गाडीने मी परत आलो. त्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हणणारं कोणी राहिलं नाही.

स्मशानात दोघं-तिघं बोलले. नारायण मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगत, असं प्रत्येकाने सांगितलं. ते खरंच आहे, पण तसे मिस्त्री वऱ्हाडात आणखीही होते. रहमान ड्रायव्हरची नोकरी जात होती तेव्हा नारायणभाऊंनी काय केलं, हे कोणी सांगितलं नाही, कारण ते पाहिलेलं तिथे कोणी नव्हतं. मी होतो, पण चारचौघांत उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही. या न जमण्यापायीच रहमानभाईंना चार दिवस जास्त घरी बसावं लागलं होतं. तेही सांगायचं आहे. म्हणून लिहितो आहे. लिहायला तीन महिने लागले.

आमचा कारखाना म्हणजे अमरावतीतल्या एका शेटजींच्या मालमोटारी दुरुस्त करण्याचं आवार. अकोल्यालाही त्यांची एक शेड होती. तेल्हाऱ्याकडचा कापूस अकोल्याला न्यायचा आणि मेळघाटातलं सागवान अमरावतीला आणायचं, हे गाड्यांचं काम. धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी तिथे लागलो. इंटर सायन्सला असताना वडील गेले, कॉलेज सुटलं आणि हातात पाना आला. नारायणभाऊ हेड मिस्त्री होते. चांदूर बाजारच्या माळ्याच्या घरचे. त्यांच्या भाजीच्या मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन बसलं आणि त्या इंजिनापाशी बसून बसून हा माणूस मिस्त्री झाला. शाळा चौथीपर्यंत.

पहिल्या दिवशी स्टोअरच्या कारकुनाने मला पाणी प्यायला दांडी तुटलेला एक वेगळा कप दाखवला. नारायणभाऊंनी तो उचलला.

"हा कप आजपासून डाखाच्या तेजाबले लागते," ते म्हणाले. "मास्तर, तू इकडचा पेला घे."

आणि डाख देण्याआधी पत्रा साफ करायचं तेजाब त्यांनी खरोखरच त्या कपात ओतलं. पुढे कधी त्या कपाचा विषय निघाला नाही. 'मास्तर' हे नावही त्याच दिवशी पडलं, कारण माझ्या डब्याच्या पिशवीत पुस्तक होतं.

मोटारीशी संबंध नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं, इंजिन तापतं. त्याच्या अंगाभोवती पाणी खेळवलेलं असतं. हे तापलेलं पाणी वरच्या रबरी नळीने पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, जाळीतून उतरता उतरता पंख्याच्या वाऱ्याने निवतं आणि खालच्या नळीने परत इंजिनात येतं. पाणी कुठे गळलं, अडलं किंवा वाट चुकलं, की गाडी उकळते. तशीच रेटली तर इंजिनाचं डोकं, ज्याला आम्ही हेड म्हणतो, ते वाकतं, आणि मग दुरुस्ती मोठी असते.

हे तपासायची विलायती यंत्रं मुंबईला मिळतात असं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे नारायणभाऊंचे हात होते आणि माझं अर्धवट फिजिक्स. त्यातून जी साधनं झाली त्यांचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

पहिलं साधन एका डॉक्टरांमुळे झालं. त्यांची जुनी मोटार दर आठवड्याला पाणी पिई आणि गळती कुठे दिसत नसे. थंड गाडीत फट मिटलेली असते. आत दाब आला की ती उघडते. म्हणजे इंजिन न तापवता पाण्यावर दाब द्यायला हवा, आणि तो मोजायलाही हवा. सायकलचा पंप होता. रेडिएटरच्या जुन्या झाकणाला ट्यूबचा वॉल डाखाने जोडला. दाब मोजायला अकोल्याच्या भंगारबाजारातून जिनिंगच्या बॉयलरचा काटा आणला, पण बॉयलरच्या दाबापुढे रेडिएटरचा दाब इतका थोडा की काटा जागचा हललाही नाही. डॉक्टर स्टुलावर बसून आमची फजिती पाहत होते. त्यांच्याकडे रक्तदाब मोजायचं एक पाऱ्याचं यंत्र पडून होतं. दंडाला बांधायचा पट्टा फाटलेला, पण पाऱ्याची नळी शाबूत. मी हिशेब केला. आमच्या झाकणाचा चार पौंडांचा दाब त्या नळीवर दोनशे सातच्या जवळ येत होता. तिथे मी लाल रेघ मारली.

पंप मारला, पारा रेघेपर्यंत चढला आणि हळूहळू उतरू लागला. नारायणभाऊ कंदील घेऊन गाडीखाली शिरले आणि वॉटर पंपाच्या मागे केसाएवढी चीर दाखवून बाहेर आले.

"डाक्टरसाहेब, पेशंटचं प्रेशर लो आहे," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "मीठ घालून सरबत द्या." यंत्र त्यांनी आमच्याकडेच ठेवलं.

दुसरं साधन पानठेल्यावर सुचलं. हेडखालचं पॅकिंग जळालं की सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. हेड खोलावं तेव्हा कळतं, आणि पॅकिंग चांगलं निघालं तर सगळा दिवस वाया. पानवाल्याच्या चुन्याच्या गाडग्यावर वर तरंगणारं निवळ पाणी पाहून मला कॉलेजचा प्रयोग आठवला. चुन्याची निवळी बाटलीत भरली, रेडिएटरच्या झाकणातून एक रबरी नळी काढून तिचं टोक निवळीत सोडलं आणि इंजिन सुरू केलं. धूर असला की निवळी ताकासारखी पांढरी होते. पहिल्यांदा ती पांढरी झाली तेव्हा नारायणभाऊंनी बाटली हातात धरून आवारभर फिरवली. "मास्तरच्या पुस्तकाचं लोणी निघालं पाहा," असं ते ज्याला त्याला सांगत होते. ते तसं सांगत असताना मी स्टोअरमध्ये जाऊन उभा राहिलो होतो. मला फार आनंद झाला होता.

आता मूळ गोष्ट.

त्या हिवाळ्यात शेटजींनी तीन नव्या मालमोटारी घेतल्या. दोन सपाटीवर कापूस नेत, मेळघाटची रहमानभाईंना मिळाली. रहमानभाई आणि नारायणभाऊ तरुणपणी एकाच गाडीवर होते. एक चालवायचा, दुसरा दुरुस्त करायचा. सेमाडोहहून सागवान भरून निघालं की घाटांगपर्यंत चढ आहे. एप्रिलमध्ये त्या चढावर रहमानभाईंची नवी गाडी उकळली. आठ दिवसांनी पुन्हा उकळली, तेव्हा पॅकिंग जळालं. आम्ही हेड घासून सपाट केलं, पॅकिंग बदललं. पाऱ्यावर तपासलं: पारा रेघेवर अर्धा तास बसून राहिला. निवळीवर तपासलं: निवळी निवळच. गाडी परत गेली आणि त्याच चढावर तिसऱ्यांदा उकळली. सागवान रस्त्यावर उतरवून गाडी ओढून आणावी लागली.

शेटजी तसे ओरडणारे नव्हते. ते म्हणाले, "रहमान, तू पाणी पाहत नाई. शनवारपर्यंत घरी बस. शनवारी सांगतो."

शनिवारी काय सांगणार ते सगळ्यांना कळलं होतं. इंजिन जाळणारा ड्रायव्हर असं नाव एकदा लागलं की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोणी त्या माणसाच्या हाती किल्ली देत नसे. रहमानभाईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि घरात खाणारी सात माणसं होती.

ते आमच्याकडे आले. "भाऊ, दोन छागली भरून नेल्या होत्या," ते म्हणाले. छागल म्हणजे गाडीला बाहेरून टांगायची जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. "सिपना नदीचं पानी. एक अर्ध्यात ओतली, एक वरती. पानी कम नव्हतं. पानी असून गाडी तापून राहिली."

"गेअर कोणता ठेवला होता?" नारायणभाऊंनी विचारलं.

"तुमी मले गेअर विचारता? वीस साल झाले, आता गेअर विचारता?"

"गाडी नवी आहे. नव्या गाडीवर मानूस रेटते."

रहमानभाई निघून गेले. नारायणभाऊंनाही ते लागलं असावं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तंबाखूची डबी उघडली नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. इंजिनातून वरच्या नळीकडे जाणाऱ्या तोंडाशी एक छोटं झाकण असतं. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. आम्ही नुसतं वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणायचो. पाणी गार असेपर्यंत ते बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी तापलं की आपोआप उघडतं. तपासायला आम्ही त्याच्या फटीत दोरा अडकवून त्याला पाण्याच्या भगोन्यात टांगत असू. पाणी ठरल्याइतकं तापलं की वॉल उघडतो, दोरा सुटतो आणि वॉल टणकन तळाशी पडतो. हेही साधन आमचंच. पण तपासून झालं की उन्हाळ्यात तो आम्ही बसवतच नव्हतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या रांगेत लागत आणि नारायणभाऊ एकेकीचा वॉल काढून तेलाच्या डब्यात टाकत. दिवाळीनंतर परत बसवत. वऱ्हाडात सगळे मिस्त्री असंच करत.

"हे झाकन थंड मुलखाचं," नारायणभाऊ म्हणत. "इथं सूर्य आहे ना इंजिन तापवाले. पान्याच्या वाटेत धोंडा कायले ठेवा?"

लढाईतल्या जुन्या गाड्यांना ते चालून जात होतं.

नव्या गाड्यांबरोबर इंग्रजी पुस्तकं आली होती. इंग्रजी वाचणारा मी एकटाच म्हणून ती माझ्या कपाटात होती. शेटजींनी रहमानभाईंना घरी बसवलं त्या सोमवारी मी त्यातली आकृती पाहिली. नव्या इंजिनात वॉलच्या मागेच एक आडवाट होती. पाणी गार असताना ते या आडवाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. वॉल उघडला की त्याचीच खालची चकती त्या आडवाटेवर बसून ती बंद करते, आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. म्हणजे वॉल काढून टाकला तर आडवाट कायमची उघडी. निम्मंअधिक पाणी रेडिएटरला न भेटता जवळच्या वाटेने परत इंजिनात. छागली कितीही ओता.

मी पुस्तक मिटलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. नारायणभाऊंना हे सांगणं म्हणजे, तुमच्या हाताने तुमच्या दोस्ताची नोकरी जाते आहे, असं सांगणं होतं. ज्यांनी मला उभं केलं त्यांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे मला सुचेना. बुधवारी मी ठरवलं, की सांगायचं नाही, दाखवायचं.

अकोल्याच्या शेडला सामान पोचवायचं होतं. येताना मी तिथल्या बाजारातून गॅसबत्तीची काच आणली. ती उष्णता सोसते. दोन्ही टोकांना पत्र्याची नसराळी केली, लॉरीच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, तारेने आवळलं. आतमध्ये मधोमध कापसाचा एक पेळू कुंकवात रंगवून, वार्निशात बुडवून, वाळवून बांधला. वरची रबरी नळी कापून तिच्या मध्ये ही काच बसवायची. पाणी वाहत असलं तर पेळू वाहत्या दिशेला ताठ होईल. नसलं तर लोंबेल.

नारायणभाऊंनी विचारलं, "हे काय करून राहिला?"

"पाणी कसं जातं ते पाहायचं आहे."

"पाहू मंग."

शुक्रवारी दुपारी काच बसवली. रहमानभाई उद्याचा निकाल काय ते आधीच विचारायला आले होते, तेही थांबले. इंजिन सुरू केलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं, तोंडात थर्मामीटर सोडला. इंजिन तापलं. पेळू थोडा हलला, पुढे झुकला आणि अर्धवट तसाच लोंबत राहिला.

"पंप कमजोर आहे," नारायणभाऊ म्हणाले.

मी म्हणालो, "भाऊ, एकदा वॉल बसवून पाहू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन डब्यातला वॉल आणला, पुसला आणि बसवला. गाडी पुन्हा सुरू केली. पहिल्यांदा पेळू सरळ खाली लोंबला.

"पाहा," रहमानभाई म्हणाले, "ये तो पूरा मर गया."

आम्ही थांबलो. पाणी तापत होतं. अचानक पेळू थरथरला, वर उचलला गेला आणि काचेच्या मधोमध आडवा ताठ झाला. इंजिन तेच, पंप तोच. हात लावला तर मोडेल असा तो ताठ होता.

नारायणभाऊ खाली बसले. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. गाडी निवल्यावर वॉल परत काढला, आत बोट घातलं आणि आडवाटेचं भोक चाचपलं.

"मळ्यात पाटाचा बाजूचा दांड फुटला तं पानी शेवटच्या वाफ्याले पोचत नाई," ते म्हणाले. "लहान पोट्ट्यालेही ठावं असते. म्या माळ्याचा मानूस, अन् फुटका दांड ठेवून वाफ्याले शिव्या देऊन राहिलो."

मग माझ्याकडे वळले. "तुले कधी कळलं?"

"सोमवारी. पुस्तकात आहे."

"आज शुक्रवार." त्यांनी बोटं पुसली. "काहून बोलला नाई बे? काच बनवत बसला चार दिवस. तोंड होतं ना तुले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मले वाईट वाटन म्हनून याले घरी बसवलं?" त्यांनी रहमानभाईंकडे हात केला. "याच्या घरी कोनाले वाईट नसन वाटत?"

रहमानभाईच म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ. मास्तर बोलला असता तं तुमी ऐकलं असतं काय? तुमी तं मले गेअर विचारून राहिले होते."

नारायणभाऊ उठले आणि तडक शेटजींच्या गादीवर गेले. आम्ही मागे. शेटजी पत्र लिहीत होते.

"शेटजी, रहमानची चूक नाई. गाडी म्या तापवली."

"तू कुठं घाटात होता नारायण?"

"धुळवडीच्या दुसऱ्या रोजी तापवली. बाहेर चला, दाखवतो."

आवारातल्या सगळ्या लोकांसमोर त्यांनी पुन्हा तोच प्रयोग केला: वॉलशिवाय, मग वॉलसकट. कुठे काय चुकलं ते त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं. माझं नाव फक्त काच कोणी केली एवढ्यापुरतं घेतलं. चार दिवसांचं काही बोलले नाहीत. पेळू ताठ झाला तेव्हा शेटजींनी चष्मा काढून काचेला नाक लावलं.

"म्हणजे वीस वर्षं आपण उलटं केलं?"

"जुन्या गाडीले चालत होतं. नवीले नाई. हे मले समजाले पाहिजे होतं. कोनाले घरी बसवाचं तं मले बसवा."

शेटजी म्हणाले, "तुले बसवलं तं बाकीच्या दोन गाड्यांचे वॉल कोन बसवन?" आणि रहमानभाईंना किल्ली दिली.

रविवारी आम्ही तिघं सेमाडोहला गेलो. येताना पूर्ण सागवान भरलं होतं. घाटांगच्या चढावर गाडी थांबवून मी थर्मामीटर पाहत होतो आणि नारायणभाऊ मला न विचारता माझा चेहरा पाहत होते. पाणी एकशे नव्वद फॅरनहाइटवर होतं, उकळण्याच्या बरंच खाली. माथ्यावर पोचल्यावर रहमानभाईंनी दोन्ही भरलेल्या छागली काढल्या. एक स्वतःच्या डोक्यावर ओतली, दुसरी नारायणभाऊंच्या.

"नीट पाहून घ्या, भाऊ," ते म्हणाले. "पानी कम नव्हतं."

त्यानंतरची दोन-तीन वर्षं नारायणभाऊ भेटेल त्या मिस्त्रीला हे सांगत. पुष्कळांनी टिंगल केली. "नारायण मिस्त्री उन्हाळ्यात वॉल बसवून राहिला, आता गाडीले घोंगडीही पांघरन," असं अकोल्याच्या मोटारस्टँडवर बोललं जाई. ते ऐकून घेत आणि परत सांगत. माझी काच घेऊन ते दोनदा अकोल्याला गेले. तिसऱ्या खेपेला ती एस.टी.त फुटली. दुसरी काच मी केली नाही, कारण तोवर मी सरकारी वर्कशॉपात लागलो होतो आणि तिथे विलायती यंत्रं होती. ती आमच्या साधनांपेक्षा अचूक होती, हे कबूल करतो. पण त्या यंत्रांत पाणी दिसत नसे.

रहमानभाई त्या गाडीवर ती मोडीत जाईपर्यंत राहिले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेटजींचं आवार विकलं गेलं.

नारायणभाऊंच्या तेराव्यानंतर काही कामाने अकोल्याला गेलो होतो. तिथे एका लहानशा गॅरेजात एक मिस्त्री जुनी मालमोटार खोलून बसला होता, आणि ऐन उन्हाळ्यात वॉल पुसून परत बसवत होता. मी त्याला विचारलं, "बाकीचे काढून टाकतात, तुम्ही काहून बसवता?"

"माहे उस्ताद बसवत," तो म्हणाला. "त्यायले कोना नारायण मिस्त्रीनं सांगतलं होतं."

"पण का?"

"ते नाई माईत."

मी त्याच्याजवळ बसलो आणि पत्र्यावर खडूने आकृती काढून त्याला सगळं सांगितलं. आता ते कारण आम्हा दोघांना माहीत आहे.